पणजीच्या रंगीत गल्लीत

बायको गेली ती गणपतीच्या आठ दिवस आधी. जोह्यात आमचा मूर्तींचा कारखाना. सुतकात मूर्तीला हात लावता येत नाही, म्हणून उरलेलं काम शेजारच्या कारखान्यातल्यांनी पुरं केलं. मी ओट्यावर बसून टेम्पो भरताना बघत राहिलो. लोक म्हणाले, माणूस धीराचा आहे. धीर कसला? ताट पुढं आलं की जेवत होतो, एवढंच.

दिवाळीनंतर मुलगी सासरहून, रोह्याजवळच्या वरशाहून आली. जावई रोह्याला कंपनीत, त्याला शिफ्ट सोडता येईना.

"बाबा, तीन दिवस गोव्याला जाऊन येऊ. आपण दोघंच."

मी व्हय म्हटलं. नाय म्हणायलाही काहीतरी कारण लागतं.

गोव्यातल्या दुसऱ्या दिवशी तिनं मला पणजीतली पोर्तुगीजांच्या वेळची गल्ली दाखवायला नेलं. पोर्तुगीज जाऊन किती वर्षं झाली, पण घरं होती तशी राखलेली. पिवळी, निळी, गेरूसारखी तांबडी, खिडक्यांना पांढऱ्या चौकटी. पावसाळा सरला की रंग नव्यानं देतात म्हणे. पोरीपोरं भिंतींना टेकून फोटो काढत होती. मी एका निळ्या घरापाशी थांबलो. सवयीनं नजर चौकटीवर गेली. निळा रंग पांढऱ्यावर उतरला होता.

खिडकी उघडली. गाऊन घातलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "फोटो नको हां. इथं आम्ही राहतो."

"फोटो नाय काढत. रंग बघतोय."

"बिघडलाय ना? मीही तेच म्हणते." त्यांनी आम्हांला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. "बायकोला नाही आणलं?"

मुलीनं मान खाली घातली.

"ती गेली," मी म्हणालो. बस गेली म्हणावं तसं. बाई पाण्याची भांडी उचलून आत गेल्या.

आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिथं मी मुलीला सांगितलं. त्या दुपारी पेणच्या दवाखान्यातून तिचा फोन आला, आई बोलावतेय म्हणून, तेव्हा माझ्यापुढं चार मूर्तींच्या डोळ्यांची आखणी राहिली होती. एवढी संपवून निघतो म्हटलं, आणि खरंच संपवूनच निघालो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

ती समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली,

"बाबा, मी फोन केला तेव्हाच आई गेली होती. तुम्ही एकटे येणार, वाटेत काही व्हायला नको, म्हणून तसं सांगितलं."

"मग आतापर्यंत बोलली का नाय?"

"तुम्ही कधी इचारलंच नाय."

ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मनावरचा दगड उतरायला हवा होता. उतरला नाही, वाढलाही नाही. हाताखाली तिची पाठ हलत होती, ती तेवढी कळत होती.

"काका, जरा बाजूला होता का?" कॅमेरा घेतलेल्या एका मुलीनं विचारलं. आम्ही उठलो. संध्याकाळी खानावळीत मासे खाल्ले, चांगले होते.

परतताना मी रोह्याला तिच्याबरोबरच उतरलो, वरशाला आठ दिवस राहिलो. तो विषय दोघांनीही काढला नाही. मला रडू आलं ते पुढच्या उन्हाळ्यात, पेणच्या स्टँडवर, जोह्याची बस लागत असताना. कशावरून, ते सांगता येणार नाही. बस सोडली, बाकड्यावर बसलो आणि पुढच्या बसनं घरी गेलो.