मिटल्या कळीच्या मॅडम

"फुललेल्या फुलात काय बघायचं? तिथलं सगळं उरकलंय," म्हणत मॅडम फूल बाजूला सारायच्या आणि चिमट्यानं मिटलेली कळी उचलायच्या. हिंदी मुलखातल्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. मी प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली. पदरावर कायम लाल रंगाचा डाग, लग्नाला निघाल्या तरी. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल.

परागकण घडतात ते कळीच्या पोटात, मिटलेल्या परागकोशात. एका पेशीच्या चार होतात, त्या चारांचे चार कण. हे फळ्यावर काढून भागवणं मॅडमना पाप वाटायचं. "अरे, देखो तो सही," म्हणत त्या एकेका मुलीला सूक्ष्मदर्शकाशी ओढत. मुलींचं लक्ष मात्र एम. पी. नगरच्या कोचिंग क्लासकडे.

शेवटी प्राचार्यांनी ठरवलं, सूक्ष्मदर्शक काढून प्रयोगशाळेत कम्प्युटर बसवायचे. पेशी बघायला तक्ते आहेतच की भिंतीवर, म्हणाले. मॅडम भडकल्या. कळीतल्या त्या चार पेशी डोळ्यांनी दाखवते, नाही दिसल्या तर खुशाल खोली घ्या, म्हणाल्या. प्राचार्य सर म्हणाले, उद्या दाखवा.

जवळच्या कोटऱ्याच्या शेतातून कांद्याच्या फुलांचे गोंडे आणायला मुलींना सांगितलं होतं. सरांसमोर ठेवायचे म्हणून पोरींनी हौसेनं फुललेलेच निवडले, वर रेशमी दोरा बांधून आणले! मॅडमनी कपाळावर हात मारला. "पूजेला आणलेत का गं?"

पण कांद्याचा गोंडा एकदम फुलत नाही, आत चुकार कळ्या राहतात. त्या हुडकून मॅडम एकेक फोडू लागल्या. परागकोश पेशी रंगवणाऱ्या लाल थेंबात ठेवायचा, दिव्यावर शेकायचा, काचेखाली अंगठ्यानं दाबायचा. एका कळीत काहीच सुरू नव्हतं, दुसरीत कण तयार होऊन बसलेले. सर सारखे घड्याळ बघत होते. मी मनातल्या मनात गणपतीला नवस बोलले.

पुढच्या कळीचा परागकोश दाबून मॅडमनी भिंगाला डोळा लावला. मग उठून बाजूला सरकल्या. "बघा," एवढंच.

सर वाकले. पातळ आवरणात चार पेशी, एकमेकींना बिलगून. सरांचा डोळा भिंगावरून हलेना. मुलींची कुजबुज वाढली तेव्हा ते कसेबसे उठले आणि शिपायाला म्हणाले, "कम्प्युटर ऊपर वाले कमरे में रखवा दो।"

मला तर रडूच फुटलं. जिंकल्या होत्या मॅडम.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. घरच्यांनी लावलेला फोटो छान आहे, पण माझ्या मॅडम त्या दुपारच्या. कोचिंग बुडवून उभ्या मुलींची रांग पार जिन्यापर्यंत गेलेली, मॅडम नव्या काचा पुसत हसतायत, आणि रांगेच्या शेवटी, पुन्हा एकदा बघायला, सर उभे.