ज्याने आधी खाल्लं, त्याचं हॉटेल

सरकारी ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साचतात, धूळ आणि किस्से. वरून कोणी मोठा साहेब येणार असला की धूळ निदान झटकली तरी जाते. किस्से मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत बाहेर निघतात आणि थोडे फुगूनच परत जागेवर जातात. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्याच्या ऑफिसातले निम्मे किस्से खाण्याचे आहेत, आणि त्यात हिरो नेहमी एकच, मनोहर कळंबे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. माझं सगळं दुखणं तेवढंच आहे.

पांढुर्णा जिल्हा झाला तशी बाहेरची माणसं आली आणि त्यांच्यामागे त्यांचं खाणंही आलं. आधी आमच्याकडे बाहेर खायचं म्हणजे सकाळी तर्री-पोहे आणि पाहुणे आले तर सावजीचं झणझणीत मटण. वेगळं काही पाहिजे असेल तर नागपूरची गाडी पकडा! आता घरापासून हाकेच्या अंतरावर नेपाळी, सिंधी, मारवाडी, सगळं मिळायला लागलं. फक्त ते शोधावं लागायचं, आणि शोधायचा कळंबे.

आमच्या ऑफिसात एक रिवाज पडला होता. नवीन जागा जो शोधेल, तिला त्याचं नाव. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, आम्ही म्हणायचं ‘कळंबेचा डोसा’, ‘कळंबेची जिलेबी’. तिथे सगळे मिळून गेलो की भट्टीसमोरची खुर्ची त्याची, पहिली प्लेट त्याची, आणि ऑर्डरही तोच देणार. या रिवाजाच्या न्यायाधीश म्हणजे आमच्या घागरे मॅडम. मॅडमनी एकदा निकाल दिला की साहेबसुद्धा मान डोलवायचे.

एवढ्या वर्षांत ‘गजभियेचं’ असं एक भज्यांचं दुकानसुद्धा झालं नव्हतं. गजभिये म्हणजे मी.

*

मोमोचा किस्सा घ्या. त्यात मी कळंबेच्या आधी तिथे पोचलो होतो, हे मी आजही कोणत्याही देवाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे.

स्टेशनच्या रस्त्यावर एक नवीन टपरी लागली होती. रोज येता-जाता मी पाहायचो. आत एक नेपाळी माणूस, समोर ॲल्युमिनियमचं भांडं, आणि भांड्यातून भसाभसा वाफ. मला वाटलं, वाफेची इस्त्री! आता जिल्हा झाला, तर इस्त्रीही मॉडर्न आली असेल. मी रविवारी चार शर्ट घडी करून पिशवीत घातले आणि नेऊन त्याच्यासमोर ठेवले.

त्याने शर्टांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अगदी अदबीने म्हणाला, “साब, इसमें कपड़ा नहीं, मोमो पकता है.”

मी लाजून पिशवी उचलली आणि निघालो. दुसऱ्याच आठवड्यात कळंबे ऑफिसात तिखट चटणीने ओठ लाल करून आला. “स्टेशनकडे एक जागा सापडली बावा! एक नंबर मोमो!”

मी उभा राहिलो. “मॅडम, तिथे मी आधी गेलो होतो!”

घागरे मॅडमनी डबा बाजूला सारला. “खाल्लं का?”

“नाही, पण...”

“मंग काय नुसता पाहून आले? खाल्ल्याबिगर शोध लागत नाही गजभिये भाऊ. ज्यानं आधी खाल्लं, त्याचं हॉटेल.”

“तुमी कायले गेले होते तिथं?” कळंबेने विचारलं.

मी डब्यात तोंड घातलं. पण त्या नेपाळ्याला माझी इतकी काळजी की पुढच्या खेपेला सगळ्यांसमोर विचारलं, “साब, शर्ट प्रेस हो गया?”

*

वाईट इथेच संपलं नाही. कळंबे गिऱ्हाईक नेतो, पन्नास जणांना सांगतो, आणि आमचं गाव केवढंसं? थोड्याच दिवसांत बँकेतले, शाळेतले, स्टेशनवरचे, सगळे ‘कळंबेचे मोमो’ म्हणायला लागले. त्या नेपाळ्याने शेवटी टपरीवर रंगवूनच घेतलं, ‘कळंबे मोमो सेंटर’.

माणूस तिकडे काठमांडूजवळचा, आणि पाटीवर नाव आमच्या कळंबेचं! मी रोज त्या पाटीखालून ऑफिसला जायचो. मग बायकोला सांगून टाकलं की स्टेशनचा रस्ता फार खराब झाला आहे, आता मी मागच्या गल्लीतून जात जाईन. मागच्या गल्लीत गुडघाभर खड्डे होते.

*

मी ठरवलं, आपणही शोधायचं. एका शनिवारी जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना झाडाखाली धूर दिसला. पाहतो तर पागोटं बांधलेला एक म्हातारा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बाट्या भाजून राहिलेला, बाजूला डाळीचं पातेलं, आणि वीस-पंचवीस माणसं पंगतीत बसलेली. खास मारवाडी दाल-बाटी! मी टुणकन जाऊन पंगतीत बसलो आणि आवाज दिला, “एक प्लेट इकडे! तूप जास्त!”

म्हाताऱ्याने हात जोडले, वाढलं, वरून तूप ओतलं. काय चव होती, काय सांगू! मी दोनदा घेतलं. वर गोड चुरमा. शेवटी “किती झाले?” विचारलं, तर म्हातारा मारुतीच्या देवळाकडे पाहत पुन्हा हात जोडून म्हणाला, “बालाजी की किरपा है.” मला वाटलं, पहिल्या दिवशीची ऑफर असेल.

सोमवारी मी ऑफिसात छाती फुगवून जाहीर केलं. पुढच्या शनिवारी सगळ्यांना घेऊन गेलो. साहेबसुद्धा आले, गाडीत बसून. झाडाखाली तीन दगड, थोडी राख, आणि एक कुत्रं!

तिथल्या नारळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “अजी, ते तर नवस फेडाले आले होते. सैपाक करून, खाऊन, गेले त्यायच्या गावाले.”

मी कोणाच्या तरी नवसाच्या जेवणात तूप जास्त मागितलं होतं! घागरे मॅडम तोंडाला पदर लावून हसत होत्या. कळंबेने मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काही नाही भाऊ, जागा तर बरोबर आहे. दगडं दिसून राहिले न!”

तेव्हापासून आमच्या ऑफिसात एखादं काम नुसतंच कागदावर असलं, की म्हणतात, “हे गजभियेचं हॉटेल आहे.” नाव झालं माझं, पण असं.

*

जळतो मी, लपवायचं काय त्यात? त्याने एखादी जागा सांगितली की माझ्या तोंडाला आधी पाणी सुटतं आणि लगेच छातीत कळ येते. जवळच्या सौंसर गावात एका किराणा दुकानाच्या मागे सिंधी शेठ रविवारी दाल-पकवान, म्हणजे कडक पुऱ्या आणि वर डाळ, करतो, हेही यानेच शोधलं. दाल-पकवान इतकं चांगलं होतं की मी ते वाईट आहे असं सांगत तीन प्लेट खाल्ल्या.

मग मी त्याच्या पाळतीवर राहायला लागलो. एका बुधवारी त्याने हाफ डे टाकला, कोणाला काही न सांगता. मी ओळखलं! मीही पोट दुखतं म्हणून सुट्टी घेतली आणि स्कूटीवरून त्याच्या मागे लागलो. तो सौंसरला गेला. बाजारातून वळला, एका बोळात शिरला. एका घरासमोर चपलांचा ढीग होता. घरगुती खानावळ! मी जरा थांबून आत गेलो. बाकांवर लोक रांगेने बसलेले. मीही बसलो. कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, जेवण किती चांगलं असेल, लोक कसे शांत बसून राहिले!

पडद्यामागून आवाज आला. “या, बसा. कोणता दात?”

पळायला जागा नव्हती. आतल्या खुर्चीत कळंबे गाल धरून बसला होता. त्याने मला पाहिलं. सुजलेल्या तोंडाने म्हणाला, “मायावाला तं खाऊन खाऊन सडला भाऊ. तुमचा काऊन?”

डॉक्टरने माझेही दात तपासले. एकदम ठणठणीत निघाले, आणि कळंबेने तेही ऑफिसात सांगितलं.

*

मग आमच्या साहेबांची बदली झाली. साहेब रीव्याकडचे, खाण्याचे शौकीन. जाण्याआधी म्हणाले, “मेरी विदाई किसी हॉल में मत करना. जिसकी जगह सबसे बढ़िया होगी, वहीं खाएँगे.”

ही शेवटची संधी होती. साहेबांच्या निरोपाचं जेवण ‘गजभियेच्या’ जागेत झालं असतं, तर तीन दगडांचा डाग धुऊन निघाला असता. मी गाव पिंजून काढायला सुरुवात केली.

घरी तर बसवतच नव्हतं. त्याचं वेगळं कारण होतं. आमच्या वरच्या मजल्यावर दासबाबू म्हणून भाडेकरू राहतात, रेल्वेत आहेत, बंगालकडचे. त्यांच्या बाई रोज मोहरीचं तेल असं धूर निघेपर्यंत तापवायच्या की खाली आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी माझ्या बायकोला, सुनंदाला, म्हणायचो, “खिडक्या लाव. ही बाई रोज काय जाळून राहिली?”

एका रविवारी वरून झाकलेली वाटी आली. सुनंदा म्हणाली, “भाभीनं पाठवली. मासोळी आहे, मोहरीतली. खाऊन तं पाहा.”

“वास पाहा तिचा! दे परत नेऊन,” मी म्हटलं, आणि स्कूटीला किक मारून निघालो. रामाकोन्याला कोणीतरी चायनीज गाडी लावली आहे अशी खबर होती. गाडी सापडली. चाउमीनही खाल्लं. त्याच्यावर जास्त बोलत नाही. येताना रस्त्यात दोनदा थांबावं लागलं.

घरी आलो तर वाटी धुऊन पालथी घातलेली. सुनंदा म्हणाली, “कळंबे भाऊजी आले होते. तुमी ऑफिसात विसरलेल्या कपाटाच्या चाव्या देऊन गेले. बराच वेळ बसले.”

“बसू दे त्याला. मला काय देतेस?”

“पोट बिघडलं न? खिचडी.”

*

निरोपाच्या दिवसापर्यंत मला काहीच सापडलं नाही. सकाळी कळंबे म्हणाला, “साहेब, टेन्शन मत लो. जगह है. ऐसी जगह की आप रीवा जाके भी याद करोगे.” कुठे, ते काही सांगेना.

दुपारी सगळे निघालो. पुढे कळंबेची मोटरसायकल, मागे साहेबांची गाडी, त्यामागे घागरे मॅडम, सगळ्यात शेवटी मी, चेहरा पाडून. बाजार ओलांडला. शाळेकडे वळलो. निंबाचं झाड आलं. मला वाटलं, हा माझ्या गल्लीतून शॉर्टकट मारून राहिला. कळंबेने गाडी लावली ती माझ्या फाटकासमोर!

“कोणाची तब्येत बरी नाही का?” मी विचारलं.

“चला तं भाऊ,” तो म्हणाला आणि माझ्याच घराचा जिना चढायला लागला.

वर दासबाबूंच्या गच्चीवर कनात लावली होती. चुलीवर कढई, कढईत पांढऱ्याशुभ्र फुगलेल्या पुऱ्या. पुऱ्या तळत होत्या दासभाभी आणि लाटत होती सुनंदा. माझी सुनंदा! भट्टीसमोर एक खुर्ची मांडली होती. खालून आणलेली, माझी, हात असलेली. तिच्यात कळंबे बसला.

“हे चालणार नाही!” मी ओरडलो. “मॅडम, हे माझं घर आहे! या घराचं लाइट बिल माझ्या नावावर येते!”

घागरे मॅडमनी शांतपणे प्लेट खाली ठेवली. “आधी इथलं खाल्लं होतं का?”

मी सुनंदाकडे पाहिलं. तिने लाटणं थांबवलं नाही. “वाटी आली होती मॅडम. यायनं परत न्यायले सांगितली. कळंबे भाऊजीनं खाल्ली.”

मॅडमना आणखी काही विचारावं लागलं नाही. साहेबांनी मान डोलवली.

आणि ती मासोळी! काटा काढून मी पहिला घास घेतला, मोहरीचा झणका नाकापर्यंत गेला, डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, “अरे गजभिये जी, रोइए मत, मैं मिलने आता रहूँगा!” मी म्हटलं, “जी साहेब.” एवढे दिवस हे माझ्या डोक्यावर शिजत होतं आणि मी खाली खिडक्या लावून बसलो होतो. कळंबेची पहिली प्लेट संपताच सुनंदा म्हणाली, “भाऊजी, आणखी घ्या.” मला तिने विचारलंसुद्धा नाही.

साहेब गेले. पण दासभाभींनी आता दर रविवारी गच्चीवर जेवण सुरू केलं आहे. सुनंदा भागीदार आहे. बँकेतले येतात, शाळेतले येतात, जिन्यात चपलांचा ढीग असतो, आणि माझी खुर्ची वरच आहे.

परवा कुरियरवाल्याचा फोन आला. नवीन माणूस होता, त्याला घर सापडत नव्हतं. मी सांगितलं, “शाळेच्या मागे या. निंबाचं झाड. त्याच्यासमोर पिवळं घर, गजभिये.”

“गजभिये कोणी सांगून नाही राहिलं जी.”

“अरे, पक्कं घर आहे, दोन मजली. फाटकावर माझं नाव आहे!”

तिकडे त्याने कोणाला तरी विचारलं. थोडा वेळ नुसतं बोलणं ऐकू आलं. मग तो खुशीत म्हणाला, “असं सांगा न भाऊ! कळंबेच्या हॉटेलच्या खाली राहता का तुमी?”

वरून मोहरीच्या तेलाचा वास येत होता.

“हो,” मी म्हटलं. “खालीच.”