बशीरचाचांची पेलोटाची भिंत

बशीरचाचांनी भिंत बिघडवली नव्हती. मी बिघडवली होती.

सकाळपासून आमच्या जुन्या साइटच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. त्यात एका शहाण्याने लिहिलंय, "माणूस चांगला होता, पण शेवटच्या कामात चुकला."

चुकला? तोंड सांभाळून बोल रे.

चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. पक्के गवंडी, सगळं आयुष्य सौदीत गेलं. आज सकाळी गावी, घरीच वारले.

रियाधमधल्या मोठ्या इंटरनॅशनल गेम्ससाठी आम्ही पेलोटाचं कोर्ट बांधत होतो. मी सुपरवायझर.

पेलोटा म्हणजे स्पेनकडच्या बास्क लोकांचा खेळ. दगडासारखा टणक बॉल भिंतीवर मारायचा, परत आला की पुन्हा मारायचा. सगळा खेळ भिंतीवर.

चाचांना सांगितलं तर हसत सुटले.

"म्हणजे एवढे देश माझं प्लास्टर बघायला येणार?"

"हो, चाचा."

"मग नीट करायला हवं बाबा."

आणि केलं. प्लास्टर वाळलं की बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावून अख्खी भिंत फिरायचे. आत पकड नसेल तर आवाज पोकळ येतो, आणि तिथे बॉल उसळत नाही.

आम्ही चिडवायचो, "चाचा, कोणी दार उघडतंय का?"

"गप रे. ऐकू दे."

इन्स्पेक्शन तोंडावर आलं. उजव्या कोपऱ्यातला एक पट्टा बाकी होता.

शुक्रवारी चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. जाताना बजावून गेले, "टाचे मारल्याशिवाय माल लावू नको हां. मी येतोच."

टाचे म्हणजे काँक्रीटवर छिन्नीने मारलेल्या खाचा. त्याशिवाय प्लास्टर धरत नाही. हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

पण वरून इंजिनियरचा फोनवर फोन. यल्ला, यल्ला, आटपा लवकर. मी दोन हेल्पर घेतले आणि गुळगुळीत काँक्रीटवर तसाच माल थापला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी टकटक केली.

"सुनील, हे पोकळ आहे. काढ."

"चाचा, रंग मारल्यावर कोणाच्या बापाला कळतंय?"

"बॉलला कळेल."

मी रंग मारून घेतला. इन्स्पेक्शन पास. रिपोर्टवर माझी सही.

मग टीम प्रॅक्टिसला आल्या. पांढऱ्या केसांचा एक स्पॅनिश कोच बॉल न घेताच सरळ भिंतीजवळ गेला. आणि बोटाच्या पेराने टकटक करू लागला. डिट्टो चाचा!



त्या पट्ट्याशी तो थांबला. मग बॉल मागवून घेतला, मारला. बॉल धपकन खाली.

मॅनेजर ओरडला, "ही भिंत कोणाची?"

सगळ्यांनी चाचांकडे बघितलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं.

आणि मी मोबाइलमध्ये बघितलं. कोणाचा मेसेजही आला नव्हता.

आठवड्याभरात चाचांच्या पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का मारला, कायमचं परत पाठवायचा. खलास. गेम्स सुरू व्हायच्या आत माणूस घरी.

दुसऱ्या गवंड्याने तेवढा पट्टा काढून पुन्हा केला. बाकी अख्खी भिंत चाचांचीच राहिली.

एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो. एवढा निर्लज्ज.

"बोलशील असं वाटलं होतं," म्हणाले.

मग बॅग उचलली आणि वळून म्हणाले, "मॅचचा व्हिडिओ तेवढा धाड. घरी दाखवायचाय."

फायनलला मी स्टँडमध्ये होतो. व्हिडिओ काढला. पाठवला नाही. कोणत्या तोंडाने पाठवणार होतो?

त्यांचे तीन व्हॉइस मेसेज आले. शेवटच्यात म्हणाले, "नेट नसेल तुझं. असू दे, सवडीने धाड."

त्याचंही उत्तर दिलं नाही मी.

आज त्यांच्या मुलाला, समीरला, फोन केला. तो रडत होता. मग हळूच विचारलं त्याने, "सुनीलभाई, अब्बांचं काम खरंच चुकलं होतं का? गावात सगळे तेच बोलतात. अब्बा कधी काही बोललेच नाहीत."

म्हणून हे लिहितोय.

त्या शुक्रवारी पट्टा मीच मारला असं लिहून इन्स्पेक्शनचा माझ्या सहीचा रिपोर्ट ग्रुपवर टाकलाय, मॅनेजरलाही पाठवलाय. नोकरी जाते तर जाऊ दे.

आणि इमोजीवाल्यांनो, तुमच्यातले निम्मे त्या दिवशी तिथे उभे होते. पट्टा कोणी मारला ते तुम्हालाही माहीत होतं. तेव्हा तुमची तोंडं का शिवली होती?

खाली कोणी "हिंमत लागते भाऊ" वगैरे लिहिलं तर ब्लॉक करीन. हिंमत त्या दिवशी लागत होती.

समीर, व्हिडिओ खाली आहे. बॉल जिथे जिथे लागून परत येतोय, ती भिंत तुझ्या अब्बांनी केलीय. मय्यतीला आलेल्या प्रत्येकाला दाखव. मुद्दाम दाखव.

चाचा, तुमच्या कामात खोट नव्हती.

अखेरचा सलाम.

व्हिडिओ धाडलाय.