वैदेहीबाईंचे पाण्याचे कॅन

लोहाऱ्याच्या शाळेतल्या मुली वैदेहीबाईंना त्यांच्या पाठीमागं 'पाणीबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे.

बाई मूळच्या तुळजापूरच्या. वडील वसंतराव शिक्षक, आई विमल. लहानपणी कुठंही गावाला निघायचं म्हटलं की आई फिरकीचा तांब्या काठोकाठ भरून पिशवीत घ्यायची, आणि वाटेत कुणी कितीही आग्रह केला तरी दुसरं पाणी पोरांच्या तोंडाला लागू द्यायची नाही. एकदाच, उमरग्याकडच्या एका लग्नाला जाताना तांब्या घरी राहिला. धाकट्या श्रेयसला तहान आवरली नाही, तो रस्त्याकडेच्या रांजणातलं पाणी प्याला. पुढं काविळीनं त्याला असं धरलं की पावसाळा संपेपर्यंत पोरगं अंथरुणाला खिळून होतं. तो बरा झाला, शिकला, नोकरीला लागला. त्याचे पिवळे डोळे मात्र वैदेहीच्या मनातून कधी गेले नाहीत.

त्यामुळं शाळेनं गाइडच्या मुलींची शिबिरं त्यांच्याकडं सोपवली तेव्हा तंबू, दोऱ्या, खेळ, गाणी हे सगळं त्यांनी क्रीडाशिक्षक कुमार सरांच्या गळ्यात घातलं आणि पाण्याचं खातं स्वतःकडं ठेवलं. कॅन घ्यायला त्या स्वतः सोलापूरला गेल्या. तेलाचे रिकामे कॅन स्वस्तात मिळत होते, त्यांनी त्यांना हातसुद्धा लावला नाही. नव्या कॅनचंही झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, उग्र वास आला की बाजूला ठेवायचा. दुकानदार हसू दाबत म्हणाला की बाई, अत्तर घ्यायला आलाय का. बाई हसल्या नाहीत. बुडाशी खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीची खूण आहे का ते त्यांनी पाहिलं, तोटी पिळून पाहिली, वायसर काढून परत बसवून पाहिलं. पारदर्शक कॅन उन्हात राहिले की आत शेवाळ धरतं, म्हणून गडद निळे घेतले. एकच उणं होतं. तोंड अरुंद, हात आत जात नव्हता.

त्यावरही त्यांनी तोड काढली होती. शिबिराच्या आधी घरच्या अंगणात कॅन मांडायचे, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा आणि मूठभर जाडं मीठ घालून घुसळायचे, तोट्या सुट्या करून जुन्या ब्रशनं घासायच्या, आणि सगळं सावलीत बाजेवर पालथं घालायचं. वर्षभर कॅन माळ्यावर असत, तेही झाकणं उघडी ठेवून. कोंदट वास धरू नये म्हणून. प्रत्येकाच्या मुठीला त्यांनी लाल नाडी बांधली होती. शिबिरात पाणी कुठलंही असो, त्यात जंतुनाशकाचे थेंब टाकायचे आणि अर्धा तास कुणाला हात लावू द्यायचा नाही. मुली पहिल्या घोटाला तोंड वाकडं करत, मग सवय होई. घरी जाऊन सांगत की आमच्या बाईंचं पाणी औषधासारखं लागतं.

त्या वर्षी शिबिर येडशीच्या अलीकडं, डोंगरपायथ्याच्या माळावर होतं. लागूनच गोरोबा नावाच्या शेतकऱ्याचं रान. गोरोबांनी माळ वापरायला दिला, बोअर दाखवलं, लागंल ते घ्या म्हणाले. टेंपोतून सामान उतरवताना कळलं की एका कॅनची तोटी वाटेत तडकली होती आणि पाणी सतरंज्यांत मुरलं होतं. ते कुमार सरांनी पाहिलं. बाई तेव्हा मुलींना तंबू नेमून देत होत्या. सर मनानं चांगले. बाईंना सांगितलं तर त्यांचा जीव टांगणीला लागेल, म्हणून त्यांनी परस्पर गोरोबांच्या गोठ्यातला एक निळा कॅन आणला, बोअरवर खळखळून विसळला, भरला, बाईंसारखेच मोजून थेंब टाकले आणि ओळीत नेऊन ठेवला. सांगू नंतर, असं मनाशी म्हणाले, आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुली डोंगर उतरून आल्या. थंडीचे दिवस, तरी ऊन कडक होतं. सगळ्यांनी पेले घेऊन रांग लावली. बाईंची रीत अशी की सगळ्यांचं झालं की त्या शेवटी पाणी घ्यायच्या. त्यांनी पेला भरला, ओठाजवळ नेला आणि तसाच खाली घेतला. वास त्यांच्या थेंबांचा नव्हता. तेलकट, घशात बसणारा काहीतरी वास होता. त्यांनी कॅनच्या मुठीकडं पाहिलं. लाल नाडी नव्हती.

"कुमार सर, हा कॅन कुणाचा?"

सरांनी सांगितलं. 

बाईंनी तोटी बंद केली, कॅनवर आपली ओढणी टाकली, आणि या कॅनमधलं पाणी कोण कोण प्यालं ते विचारलं. हात वर झाले. थोडेथोडके नव्हते. मग त्यांनी विचारलं, की पाण्याला वास येत होता का.  सोनाली नावाची मुलगी चाचरत म्हणाली, "येत होता बाई. पण तुमच्या औषधाचा असंल, असं वाटलं."

 आपणच या पोरींना वासाचं पाणी मुकाट्यानं प्यायला शिकवलं, एवढी एकच गोष्ट डोक्यात घुमू लागली. पण उभं राहून चालणार नव्हतं. त्यांनी सरांना गोरोबांना फोन लावायला सांगितलं. गोरोबा बाजाराला गेले होते, फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. टेंपोवाल्याला बोलावून सगळ्या मुलींना टेंपोत बसवा, असं सरांना सांगून त्या स्वतः बांधावरून धावत गोरोबांच्या बायकोकडं, द्वारकाबाईंकडं गेल्या. द्वारकाबाई तुरीच्या पेंढ्या बांधत होत्या. गोठ्यातल्या निळ्या कॅनात काय असायचं, असं बाईंनी धापा टाकत विचारलं.

द्वारकाबाईंच्या हातातली पेंढी गळली. "गोचिडाचं औषध कालवत व्हते त्यात, बैलांना लावाया. म्या सोड्यानं धुतलाय बाई, पर पिण्याला न्हाय वापरत आमी. मिरच्यांना पाणी घालाया ठिवलाय."

"औषधाचं नाव काय?"

नाव त्यांना सांगता येईना. पण मोकळी बाटली वळचणीला खोचलेली होती, ती त्यांनी काढून आणली आणि तशीच, मातीच्या हातांनी, बाईंबरोबर माळावर येऊन त्याही टेंपोत चढल्या.

तोवर अर्पिताला उलटी झाली होती. पाचवीतल्या मुलीसारखी दिसणारी, आठवीतली किडकिडीत पोर. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. सर चालकाशेजारी बसले. दवाखान्याची वाट काही लांब नव्हती, पण बाईंना ती सरता सरेना. त्या एकेका मुलीकडं बघत होत्या. एकीच्या कपाळावर घाम दिसला की हात लावून बघत. एकीनं जांभई दिली, तर ती गुंगी तर नव्हे? एक गप्प बसली होती, तिला त्यांनी उगाचच नाव विचारलं. मुली घाबरू नयेत म्हणून तोंडावर हसू ठेवायचं, आणि आत मात्र देवीला काय काय बोलून टाकलं ते त्यांचं त्यांना आठवत नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी आधी बाटली मागितली. वाचली. मग कॅन कधी धुतला, पाणी कधी भरलं, कुणी किती प्यालं हे विचारत एकेका मुलीच्या डोळ्यांत टॉर्च मारला, नाडी बघितली, छातीला नळी लावली. बाई त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. शेवटी डॉक्टर म्हणाल्या की आत्ता तरी विषाची लक्षणं कुणातच दिसत नाहीत, कॅन बऱ्याच वेळा धुतलेला दिसतो, पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांना इथंच ठेवायचं.

तो वेळ बाईंनी दाराशी उभं राहून काढला. कुणी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. अर्पिताला सलाईन लावलं होतं. तिला पुन्हा उलटी झाली नाही. ऊन मावळतीकडं झुकलं तेव्हा ती उठून बसली आणि भूक लागली म्हणाली. द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत बाहेर गेल्या. उलटी पाण्यानं झाली, उन्हानं की सगळ्यांची घाबरलेली तोंडं बघून, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्याचं उत्तर पुढंही कधी मिळालं नाही.

पालक आले. अर्पिताचे वडील युवराज फार चिडले होते, आणि त्यांचं चिडणं चूक नव्हतं. कुमार सर पुढं होऊन म्हणाले की कॅन मी आणला, बाईंना माहीत नव्हतं. बाईंनी त्यांना थांबवलं. पाण्याचं काम माझं होतं, एवढंच त्या म्हणाल्या. शिबिर तिथंच मोडलं. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षी शिबिर नको म्हणून सांगितलं, बाईंनीही हट्ट धरला नाही. त्या वर्षात त्या घरच्या माठातलं पाणीसुद्धा आधी हुंगून मग पीत. रस्त्यानं कुणाच्या हातात निळा कॅन दिसला तरी थांबून त्याच्या मुठीकडं बघत. सोनालीचं ते वाक्य त्यांना शिकवता शिकवता मध्येच आठवायचं, आणि फळ्यावरचा हात थांबायचा.

त्याच्या पुढच्या वर्षी मुलीच विचारू लागल्या. बाईंनी बरेच दिवस विचार केला आणि हो म्हटलं. जुने निळे कॅन त्यांनी बागेला पाणी घालायला देऊन टाकले. नवे घेतले ते रुंद तोंडाचे, खांद्यापर्यंत हात आत जाईल असे, आतून पांढरे, तळ स्वच्छ दिसेल असे. उन्हापासून जपायला त्यांना जाड कापडाची खोळ शिवली. एक जादा तोटी आणि जादा वायसर पिशवीत टाकलं. घरून उकळून गार केलेलं पाणी न्यायचं ठरवलं, थेंब फक्त वाटेत भरावं लागलं तर. आणि निघण्याआधी वर्गात थेंब टाकलेलं पाणी एका पेल्यात आणि नुसतं पाणी दुसऱ्या पेल्यात घालून सगळ्या मुलींना हुंगायला लावलं.

"यापेक्षा वेगळा वास आला," त्या म्हणाल्या, "तर पिऊ नका. मला सांगा. मी रागावेन की काय, बाईंचं चुकेल कसं, असलं काही मनात आणू नका. ओरडून सांगा."

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मुलींना हसू दिलं.

निघायच्या सकाळी अर्पिता आली. आता दहावीत होती, उंच झाली होती. तिच्या खांद्याला घरून भरून दिलेली मोठी स्टीलची बाटली होती. ती ओशाळून म्हणाली, की आई म्हणाली शिबिरात हेच पाणी पी.

बाईंनी बाटली हातात घेतली. झाकण उघडून वास घेतला, आतली रबरी कडी बोटानं दाबून बघितली, नीट बसली आहे याची खात्री केली.

"बरोबर सांगितलं आईनं," त्या म्हणाल्या. "उद्या संपली की मला दाखव. दोघी मिळून भरू."

मग त्या टेंपोत चढल्या आणि सीट मोकळी असतानाही मागं, कॅनजवळच बसल्या.