मार्कशीटवर मावणारं नाव

कॉम्प्युटरच्या खोलीत किस्से लवकर साठतात. आमच्या परभणीच्या सेंटरमध्ये तर साठायचेच, कारण गावात एसी असलेल्या मोजक्या खोल्यांपैकी ती एक. माणसं काम नसलं तरी चपला बाहेर काढून आत येऊन बसायची.

शाळा-कॉलेजांच्या मार्कशीटा छापून देणारे आम्ही तिघं. मालक देशमुख सर, प्रोग्राम लिहिणारा पिंगळीचा मिलिंद, आणि मी मार्क टाइप करणारा. मार्क एका फाइलीत, छपाईचा साचा दुसऱ्या फाइलीत. साच्याला जे जमत नसे त्यासाठी मिलिंद एक छोटं फंक्शन लिहून साच्याला जोडायचा. सर म्हणायचे, "बैलगाडीला हॉर्न लावायलाय."

*

सरांना नावापुढं श्री आणि कुमारी हवं होतं. मुलगा की मुलगी, हे फाइलीत नव्हतं. मिलिंदनं फंक्शन जोडलं: इंग्रजीत लिहिलेल्या नावाचं शेवटचं अक्षर 'ए' असलं की कुमारी.

वालूरहून ज्ञानोबा नावाच्या एका मुलाचे वडील आले. म्हणाले, "पोराचं लगीन जमायलंय, आन तुमी त्याला कुमारी केलाव."

मिलिंदनं लगेच दुरुस्ती केली: शेवटी 'बा' असेल तर श्री. पुढच्या गठ्ठ्यात सबा नावाची मुलगी श्री झाली. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना नुसत्या नावानं छापलं.

*

मिलिंद फंक्शनला घरच्यांची नावं द्यायचा. एकदा सरांनी छापील प्रोग्राम वाचायला घेतला आणि चष्मा काढून विचारलं, ही शांता कोण?

"मावशी हाय सर. नावातल्या जास्तीच्या मोकळ्या जागा काढून टाकती."

सरांनी चष्मा परत घातला. मावशी एकदा सेंटर बघायला आली, तेव्हा टेबलावरचे रिकामे कप तिनं न सांगता उचलले, आणि सर माझ्याकडं बघत राहिले.

*

एकाच जन्मतारखेची मुलं सापडली की शेजारी फुली मारायची, असंही एक फंक्शन होतं. चुकून दोनदा टाइप झालेलं नाव धरायला. पेडगावकडच्या एका शाळेचा अख्खा वर्ग फुल्यांनी भरला. सगळ्यांचा जन्म एक जूनचा.

हेडमास्तरांना बोलावलं. त्यांनी शांतपणे पाणी प्यायलं.

"शाळेत नाव घातलं ती तारीख हाय ती. त्याच्या आधी कोन लिहून ठेवतंय?"

सरांनी ते फंक्शन काढायला सांगितलं. सरांचाही वाढदिवस एक जूनलाच असायचा.

*

मग विद्यापीठाचं नामांतर झालं. नव्या नावासाठी मिलिंदच्या वडिलांनी मोर्चात लाठ्या खाल्ल्या होत्या. उजवा खांदा अजून नीट वर जात नव्हता. घरात यावर बोलणं फार व्हायचं नाही, असं मिलिंद सांगायचा.

कॉलेजांच्या मार्कशीटा नव्या नावानं छापायच्या होत्या. नवं नाव लांब. साच्यातल्या ओळीत मावेना. सर म्हणाले, नुसती आद्याक्षरं टाक, सगळे समजून घेतील.

मिलिंद कीबोर्डकडं वळला. त्यानं फंक्शन जोडलं: ओळ पुरली नाही तर नाव दोन ओळींत मोडायचं, आणि एक अक्षरही गाळायचं नाही. नाव पूर्ण आलं. खाली आमच्या सेंटरचं नाव आणि सरांचा हुद्दा मात्र कागदाबाहेर गेला.

सरांनी विचारलं, माझी ओळ कुठंय?

"जागा कुठून तरी काढावी लागती सर."

सरांनी कागद मिलिंदकडं परत सरकवला. मग म्हणाले, छाप.

छपाईच्या दिवशी मिलिंदचे वडील पिंगळीहून रेल्वेनं आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. प्रिंटर खरखरला, पहिला कागद बाहेर आला. मिलिंदनं तो सलग कागदापासून अलगद फाडून त्यांच्या हातात दिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मिलिंदनं दोन्ही ओळी बोट ठेवून वाचून दाखवल्या. त्यांनी स्वतः परत बोट फिरवलं.

मग त्यांनी विचारलं, कुणाचा कागद हाय?

मी नाव बघून सांगितलं, "वालूरकडचा पोरगा हाय काका. नापास झालाय."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी सरळ केला आणि मला परत दिला.

"असू द्या. घडी नका घालू त्याची."