हॉलंडची गादी, आर्वीचं दुकान

आर्वीतले आमचे किराणावाले साखरेसोबत हॉलंड फुकट द्यायचे. पुड्यांसाठी घेतलेल्या रद्दीत त्यांना युरोपातल्या त्या परगण्याच्या जुन्या राजघराण्यांचं पुस्तक सापडलं होतं. ते फाडायचं सोडून त्यांनी पाठ केलं. “काउंट म्हणजे आपला देशमुख समजा,” असं म्हणत ते तराजू हवेत धरून ठेवत, आणि एखादा काउंट मेल्याशिवाय पारडं खाली येत नसे.

राखीच्या दिवशी मी साखर घ्यायला गेलो, तेव्हा त्यांचा आवडता प्रसंग रंगला होता.

“काउंट लढाईत मेला. पोरगं नाई. मंग गादी कोनाले? सख्ख्या बहिनीले! घरानं बदललं, पन न्याय झाला का नाई?”

केळझरहून आलेली त्यांची बहीण आतल्या दारात उभी राहून ऐकत होती.

“दादा, मंग बाबाच्या या दुकानात माहा हिस्सा काऊन नाई?”

पण इतिहास किराणावाल्यांच्या बाजूनं होता.

“तिचा भाऊ मेलता, बाई. मी जिता हावो.”

“बरं. थांबते मंग,” असं म्हणून ती गल्ल्यामागच्या गादीवर ऐसपैस बसली.

मी लगेच साखरेचा भाव तिलाच विचारला.