दाराबाहेरचा माणूस

नसत्या चौकशा करायची खोड मला लहानपणापासून. सौदीत थुवालच्या कामगार कॅम्पात माझ्या खोलीत राहणारा फिलिपिनो इलेक्ट्रिशियन एकदा म्हणाला, आज आमचा स्वातंत्र्यदिन. मी लगेच विचारलं, "कोणापासून?"

"स्पेनपासून. पण ते टिकलं नाही. स्पेन आणि अमेरिकेचं युद्ध झालं, पॅरिसमध्ये तह झाला, आणि स्पेनने आमची बेटं अमेरिकेला देऊन टाकली."

"तुम्हाला न विचारता?"

"आमचा एक माणूस पॅरिसला गेला होता. त्याला आत घेतलंच नाही."

झालं! तो माणूस माझ्या डोक्यातून जाईना. तो बाहेर उभा होता की बसलेला? त्याला कोणी पाणी तरी विचारलं का? आतलं बोलणं ऐकू येत होतं का? "सदीक, मी तिथे नव्हतो," असं म्हणून माझा सोबती हात जोडायचा. सदीक म्हणजे दोस्त; कॅम्पात सगळेच एकमेकांना तशी हाक मारायचे.

पुढे आमचंही तसंच झालं. आमचं काम जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे गेलं. शिड्या, गाड्या, कॅम्प आणि आम्ही, सगळे एकाच कागदावर. माझी गणपतीची रजा मंजूर होती. भावकीतली पाळी सहा वर्षांनी आमच्या घरी येणार होती आणि मागच्या वेळी मी इथेच अडकलो होतो. माझ्या सोबत्याचीही रजा मंजूर होती, मुलीच्या पदवीदानासाठी. नवी कंपनी या रजा मानणार का, कोणालाच ठाऊक नव्हतं.

नेमका सह्यांच्या दिवशी मीटिंगच्या खोलीतला एसी गळायला लागला आणि मी एसी मेकॅनिक, म्हणून मला बोलावणं आलं. मी शिडीवर चढून पाइप साफ करत होतो, खाली दोन्ही कंपन्यांचे मॅनेजर आमच्या याद्या चाळत होते. पॅरिसच्या त्या माणसाला जे मिळालं नाही, ते मला आयतं मिळालं होतं. मी वरूनच विचारलं, "सर, मेरा छुट्टी मंजूर है. वो रहेगा ना?"

जुना मॅनेजर लालबुंद झाला. नव्याने मात्र वर पाहिलं, माझा इकामा, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचा, नंबर विचारला आणि यादीत खूण केली. "तुम्हारा छुट्टी पक्का. खलास."

मी जवळजवळ धावतच बाहेर आलो. माझा सोबती हत्यारांची पेटी घेऊन दारापाशीच उभा होता. मी त्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि माझी?" त्याने विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एसी गळायचा कधीच थांबला होता. तरी मी शिडी पुन्हा खांद्यावर घेतली, त्याच्या दंडाला धरलं आणि दार वाजवलं.